जनरेटर सुरू होतो, पण एसी लावला की बसतो: मोटरहोममधल्या शिळ्या पेट्रोलचं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. बटण दाबलं की जनरेटर सुरू होतो. मोकळा असताना ठीक चालतो, फार तर थोडी रेस कमी-जास्त होते. मग छतावरचा एसी लावला की आवाज एकदम खाली जातो, पुन्हा वर उसळतो, पुन्हा खाली, आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत. पुन्हा बटण, पुन्हा तेच. मेकॅनिककडे नेलं की बरा होतो आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला परत आजारी पडतो.

माझ्याकडे हे सलग तीन जून चाललं. आम्ही फिनिक्सला राहतो, ॲरिझोनात. मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, २०१९ साली जुनं घेतलं. त्याच्या पोटात ४ किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर बसवलेला आहे आणि तो गाडीच्याच ५५ गॅलनच्या (सुमारे २०८ लिटर) टाकीतून पेट्रोल घेतो. तिसऱ्या जूनला आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना लेक पॉवेल दाखवायला म्हणून लोन रॉकच्या वाळूवर गाडी लावली. तिथे विजेचं कनेक्शन नाही, सगळा भरवसा जनरेटरवर. दुपारी दोनला एसी बसला. बाहेर पारा १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस, आणि गाडीचा पत्रा तव्यासारखा. बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे. पाऊण तासात त्यांचा चेहरा लाल झाला, तेव्हा सामान तसंच टाकून त्यांना पेज गावात नेऊन एका थंड दुकानात बसवलं. उन्हाळ्यात वाळवंटात म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना जनरेटर ही चैनीची वस्तू राहत नाही, हे त्या दिवशी मला नीट कळलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

शब्दांचा एक घोळ आधी मिटवतो. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. बाबांना मी सांगितलं की जनरेटर गॅसवर चालतो, तर ते सिलिंडर शोधू लागले. त्यांचं काही चुकलं नाही, कारण प्रोपेनच्या सिलिंडरवर चालणारे जनरेटरही मोटरहोममध्ये असतात. इथे मी पेट्रोलला पेट्रोल आणि सिलिंडरच्या गॅसला प्रोपेनच म्हणणार आहे.

पहिली तपासणी: पुठ्ठ्याचा तुकडा

रेस वर-खाली होते म्हणजे बहुतेक वेळा इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय. मोकळा असताना लागणारं थोडंसं पेट्रोल कसंबसं येतं. लोड टाकला की मागणी वाढते, वाट मात्र अरुंदच राहते. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची रेस एकसारखी राखणारा भाग, रेस वाढवायला जातो, पेट्रोल पुरत नाही, म्हणून इंजिन हेलकावे खातं आणि बसतं.

हे पडताळायचं असेल तर जनरेटर मोकळा चालू ठेवा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि हवा आत जाते ते तोंड पुठ्ठ्याने हळूहळू अर्ध्यापर्यंत झाका. हाताने नाही, पुठ्ठ्यानेच, आणि मोकळे केस किंवा ओढणी जवळ नको. चोक हाताने ओढता येत असेल तर अर्धा चोक द्या, काम तेच. हवा कमी झाल्यावर आवाज एकसारखा झाला तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. उलट झाकल्यावर आणखी गुदमरला आणि काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त जातंय. ते प्रकरण वेगळं, खाली येईल.

माझा आवाज पुठ्ठा लावताच सुतासारखा सरळ झाला.

वाटी उघडल्यावर

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या खालच्या बाजूला एक छोटी वाटी असते. फ्लोट आणि सुई त्यात पेट्रोलची पातळी राखतात आणि मेन जेट तिथूनच पेट्रोल उचलतं. पहिल्या दोन वर्षी मी ती कधी पाहिलीच नव्हती. पहिल्या वर्षी मेकॅनिकने साफ केली, दुसऱ्या वर्षी अख्खा कार्बोरेटर बदलला आणि मजुरीसकट सहाशे डॉलर घेतले. तिसऱ्या वर्षी, लोन रॉकहून परत आल्यावर, मी स्वतः उघडली.

उघडण्याआधी इंजिन पूर्ण थंड हवं. जनरेटरच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडीतला प्रोपेनचा फ्रीज, गीझर, शेगडी, सगळं बंद करा, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि कुठेतरी ज्योत असेल तर तिथवर पोचते. डोळ्यांवर चष्मा घाला. कार्ब क्लीनरचा, म्हणजे कार्बोरेटर साफ करायच्या द्रावणाचा फवारा भोकातून उलटा डोळ्यातच येतो.

बोल्ट सोडल्यावर वाटी हातात आली. त्यात पेट्रोल असं नव्हतंच. तळाला मधाच्या रंगाचा चिकट थर होता आणि वास जुन्या फर्निचरच्या पॉलिशसारखा. मेन जेट म्हणजे पितळेचा एक छोटा स्क्रू, त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. ते काढून आकाशाकडे धरलं. आरपार उजेड दिसायला हवा होता. दिसला तो चंद्रकोरीएवढा, बाकी भोक त्याच थराने बुजलेलं. इतक्याशा भोकात इतकासा थर, आणि त्यामुळे माझे आई-बाप उन्हात.

जेट क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवलं. मग जुन्या वायरीतला तांब्याचा एक पदर ओला करून भोकातून अलगद फिरवला. इथे पोलादी तार किंवा ड्रिलचं पातं कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं आणि मग जेट नवंच घ्यावं लागतं. आयडलची, म्हणजे मोकळं चालताना लागणाऱ्या पेट्रोलची बारीक वाट असते तिच्यातूनही फवारा मारून दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का ते पाहा. वाटीची रबरी गॅस्केट फुगली असेल तर नवी घाला. फ्लोटची सुई चिकटलीय का तेही बघा, ती अडकली तर पेट्रोल वाहतं किंवा अजिबात येत नाही. जोडणी करताना पेट्रोलचा फिल्टरही बदलून टाका. थोड्या डॉलरांची वस्तू, तिच्यासाठी पुन्हा सगळं खोलत बसू नका.

जोडून सुरू केला. चार मिनिटं गरम होऊ दिला आणि एसी लावला. आवाज क्षणभर खाली गेला आणि सावरला.

मग दर वर्षी परत का?

हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि खरं उत्तर इथेच आहे.

मी निष्काळजी नव्हतो. जानेवारीत क्वार्ट्झसाइटला वाळवंटात आठ-दहा दिवस राहून आलो की फेब्रुवारीत टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणून घालायचं द्रव्य, ओतायचो. दर पंधरा दिवसांनी गाडीचं इंजिन सुरू करून एक चक्कर मारायचो. वाटायचं, टाकी एकच आहे, पेट्रोल हलतंय, झालं. पण टाकीपासून जनरेटरला जाणारी नळी वेगळी आहे. गाडी चालवली तरी त्या नळीतलं आणि वाटीतलं पेट्रोल जागचं हलत नाही. स्टॅबिलायझर ओतला तोही टाकीतच राहिला, वाटीपर्यंत पोचलाच नाही. ५५ गॅलन पेट्रोल बंद टाकीत काही महिने बऱ्यापैकी टिकतं. वाटीत असतात चार-पाच चमचे, आणि वाटी हवेला उघडी असते. पेट्रोल हे हलक्या-जड अनेक घटकांचं मिश्रण आहे. हलके आधी उडून जातात, उरलेले जड घटक हवेशी मिसळून चिकट होतात. फिनिक्सच्या अंगणात एप्रिल-मेच्या उन्हात हे फार भराभर होतं. नवा कार्बोरेटरही म्हणूनच वर्षभरात बुजला. त्यात दोष ना कार्बोरेटरचा, ना मेकॅनिकचा. फेब्रुवारी ते मे मी जनरेटर एकदाही चालवला नव्हता, एवढंच.

बरेच जण सगळं खापर इथेनॉलवर फोडतात. इथल्या बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, म्हणजे ई-१०, मिळतं. इथेनॉल पाणी धरतं हे खरं. ई-१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरू शकतं, म्हणजे एका गॅलनमागे चहाचे जेमतेम चार चमचे. त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि जनरेटरची नळी नेमकं तेच ओढू शकते. फ्लोरिडा, टेक्सासचा किनारा अशा दमट भागात राहणाऱ्यांनी याला जरूर घाबरावं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत मात्र मला वाटीत पाण्याचा थेंबही सापडला नाही. इथला शत्रू ऊन आहे.

ई-१५ पासून मात्र सगळीकडेच लांब राहा. पंपावर ते ‘अनलेडेड ८८’ नावाने, नेहमीच्या पेट्रोलपेक्षा थोडं स्वस्त मिळतं. ते २००१ आणि नंतरच्या मोटारींसाठी मंजूर आहे, छोट्या इंजिनांसाठी नाही, आणि पंपावरच्या लेबलवर तसं छापलेलंही असतं. माझ्यासारखी ज्यांची टाकी सामाईक आहे त्यांनी इंधन निवडताना जनरेटरचाही विचार करायला हवा. दोघांपैकी नाजूक तोच आहे. इथेनॉल नसलेलं पेट्रोल जवळपास मिळत असेल तर गाडी उभी करण्याआधीची शेवटची भरती त्याची करा. महाग पडतं, पण दरवर्षी कार्बोरेटर काढण्यापेक्षा परवडतं.

आता काय करतो

महिन्यातून एकदा जनरेटर दोन तास चालवतो, निम्म्या लोडवर. माझ्या जनरेटरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानांत हे लिहिलेलं आहे आणि मी ते तीन वर्षं वाचून सोडून दिलं होतं. ४ किलोवॉटचा निम्मा लोड म्हणजे २००० वॉट: एसी लावला आणि बॅटरीचा चार्जर चालू ठेवला की तेवढा होतो. थंडीत एसीऐवजी विजेचा हीटर. अर्ध्या लोडवर तासाला साधारण अर्धा गॅलन जातं, म्हणजे महिन्याला एक गॅलन. औषधाचा खर्च म्हणून धरायचा.

पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा यावरचा पर्याय नाही. उलट त्याने नुकसान होतं. इंजिन नीट तापत नाही, आत पाण्याची वाफ जमते, ऑइल बिघडतं, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या तारांच्या गुंडाळ्यांतला दमटपणाही जात नाही. तापलं पाहिजे आणि लोडवर तापलं पाहिजे. आमच्या वस्तीत आवाजाची तक्रार होते, म्हणून मी हे हायवेवर करतो. पोटात बसवलेला जनरेटर गाडी चालू असताना चालवता येतो. दर महिन्याला गाडीची एक लांब चक्कर, त्यातच जनरेटरचे दोन तास. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी तो न विसरता बंद करायचा, प्रोपेनची ज्योतही.

दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर आधी ओततो, मग टाकी काठोकाठ भरतो म्हणजे तो मिसळतो, आणि त्यानंतर जनरेटर किमान वीस मिनिटं चालवतो. स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल वाटीत पोचलं पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप. काहींनी नळीवर एक छोटी चावी बसवून घेतली आहे. ती बंद करून जनरेटर आपोआप थांबेपर्यंत चालवला की वाटी रिकामी होते. चांगला उपाय आहे, फक्त ते काम जाणकाराकडून करून घ्या. एक गळका जोड म्हणजे गाडीखाली पेट्रोल.

छतावर सोलर आणि लिथियम बॅटऱ्या बसवलेल्यांना एक सांगायचंय. तुमचा जनरेटर आता आणखी कमी चालणार, म्हणजे ही कटकट वाढणार. माझ्या ओळखीतल्या दोघांचे जनरेटर सोलर बसवल्यावरच बंद पडू लागले.

असंच दिसणारी, पण वेगळी दुखणी

कार्बोरेटर साफ केला, तरी बसतोय? मग नेमका कधी बसतो ते लक्षपूर्वक बघा. वेळ आणि जागा बरंच काही सांगते.

टाकीचा काटा पावच्या आसपास असताना बंद पडला आणि गाडी मात्र व्यवस्थित सुरू होते, तर काहीच बिघडलेलं नाही. जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम वर ठेवलेली असते, रात्रभर एसी चालवून तुम्ही रानात पेट्रोलविना अडकू नये म्हणून. गाडी उतारावर लावली असेल तर काटा पावच्या वर असतानाही नळी उघडी पडू शकते. पण काटा निम्म्याच्या थोडा खाली आला की दर वेळी बसत असेल, तर टाकीतल्या नळीला चीर गेल्याचा संशय घ्या. जुनी रबरी नळी वर्षानुवर्षं इथेनॉलमध्ये राहून तडकते आणि पेट्रोलऐवजी हवा ओढते. पक्कं करायचं असेल तर जनरेटरची नळी तात्पुरती वेगळ्या डब्यातल्या ताज्या पेट्रोलला जोडून मोकळ्या जागेत चालवून बघतात. त्यावर नीट चालला तर दोष टाकीकडचा, तसाच बसला तर कार्बोरेटरकडचा. या एका चाचणीने माझ्या शेजाऱ्याचे नव्या कार्बोरेटरचे पैसे वाचले.

तास-दीड तास उत्तम चालून भर दुपारी बसतो, अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होतो? मग पेट्रोलची नळीतच वाफ होत असावी. पंप वाफ ढकलू शकत नाही. अमेरिकेत थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं पेट्रोल वेगळं असतं. थंडीतलं लवकर वाफ होणारं, गारठ्यात इंजिन सुरू व्हावं म्हणून. १ जून ते १५ सप्टेंबर पंपांवर कमी वाफ होणारं पेट्रोल विकावं लागतं. माझ्या टाकीत जानेवारीचं पेट्रोल जूनपर्यंत असायचं, म्हणजे थंडीतलं पेट्रोल ४० अंशांच्या उन्हात. शिळेपणाच्या जोडीला हीदेखील अडचण होतीच. आता एप्रिलअखेर टाकी खाली आणतो आणि निघायच्या आदल्या दिवशी ताजं भरतो. नळी जनरेटरच्या सायलेन्सरजवळून जात असेल तर तिला उष्णतारोधक आवरण घाला आणि टाकी निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा. इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल, तापून बसली तरी असंच होतं. बंद पडल्या पडल्या स्पार्क येतो का ते तपासा. स्पार्क असेल तर पेट्रोलकडे बघायचं, नसेल तर कॉइलकडे.

आणि उंची. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फूट, फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड सुमारे ७००० फूट. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. ४००० वॉटचा जनरेटर तिथे तीन हजारांच्या आसपास येतो. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की बसणारच, तो बिघाड नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते. माझ्या कार्बोरेटरवर उंचीसाठी एक फिरवायचा खटका आहे, त्याने पेट्रोल कमी करता येतं. वर जाऊन तो फिरवला की परत खाली आल्यावर मूळ जागी आणायलाच हवा. मी एकदा तो फ्लॅगस्टाफच्या खुणेवर ठेवून फिनिक्सला आलो आणि दोन आठवडे कार्बोरेटरमध्ये कचरा शोधत बसलो. अशा कमी पेट्रोलवर सपाटीला जनरेटर चालवत राहिलं तर इंजिन जास्त तापतं, व्हॉल्व्ह जळू शकतात. आता स्टिअरिंगला एक लाल फीत बांधतो. खटका फिरवला की फीत बांधायची, परत फिरवला की सोडायची.

ऑइल कमी असलं तरी जनरेटर स्वतःहून थांबतो, आणि उतारावर पातळी चुकीची दिसते. काहीही खोलण्याआधी गाडी सपाटीला लावून ऑइल बघा. फार साधं आहे, पण घाईत राहूनच जातं.

नव्याने घेत असाल तर: पेट्रोल, प्रोपेन की डिझेल

वर्षातून दोन-तीनच सहली करणार असाल, तर माझं मत सरळ प्रोपेनला. प्रोपेन शिळं होत नाही, कार्बोरेटरची वाटी नाही, चिकट थर नाही. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीतला जनरेटर पहिल्या बटणाला सुरू होतो. तोटे आहेतच. एका गॅलन प्रोपेनमध्ये पेट्रोलच्या साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा असते, म्हणून ते जास्त लागतं आणि त्याच जनरेटरची ताकदही थोडी कमी मिळते. शिवाय फ्रीज, शेगडी, हीटर सगळे त्याच टाकीवर. थंडीच्या रात्री हीटर आणि जनरेटर दोघांनी ओढलं की सकाळी चहालाही गॅस नाही.

प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे गारठ्यातही त्याची वाफ होते. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतं आणि ते शून्य अंशाच्या जवळच अडतं, म्हणून गावी कडाक्याच्या थंडीत गॅस मंद झाल्यासारखा वाटतो. तो अनुभव इथल्या प्रोपेनला जसाच्या तसा लावू नका. पण छोट्या सिलिंडरवर मोठा जनरेटर लावला तर वाफ होता होता सिलिंडर स्वतःच गार पडतो, बाहेरून दवाचा, मग बर्फाचा पट्टा धरतो आणि दाब उतरतो. जनरेटर लोडवर दम सोडतो. लक्षण तेच, कारण वेगळं. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतू नका, ज्योत तर नाहीच नाही. लोड कमी करा किंवा दोन सिलिंडर जोडून घ्या. रेग्युलेटरच्या नळीत तेलकट साका जमतो, तो वर्षातून एकदा तपासावा. जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे, बुडबुडा दिसला की काम थांबवायचं.

डिझेलचा विचार फक्त गाडी डिझेलची असेल तरच. तेव्हा तोच योग्य, टाकी एकच राहते. डिझेल जास्त टिकतं, पण टाकीत पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात, काळा बुळबुळीत गाळ होतो आणि फिल्टर तुंबतात. गरम भागात भरलेलं डिझेल घेऊन थंडीत कोलोरॅडोच्या डोंगरात गेलात तर ते थिजू शकतं. वर चढण्याआधी तिथल्याच भागातलं थंडीचं डिझेल भरा. फक्त दिवे आणि चार्जरवर तासन् तास चालवू नका, त्यालाही लोड हवा.

पेट्रोल माझ्याकडे आहे आणि मी ते बदललेलं नाही. महिन्याला दोन तास देता येत असतील तर त्याच्यासारखं सोयीचं दुसरं नाही, कुठल्याही पंपावर मिळतं.

इंधन कुठलंही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा. त्याचं आयुष्य पाच-सात वर्षांचं असतं, मागची तारीख वाचा. सुटा जनरेटर गाडीपासून किमान २० फूट लांब, धूर गाडीपासून आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासूनही दुसरीकडे. पोटातला असेल तर सायलेन्सरच्या नळीला भेग नाही ना ते दर सहलीआधी वाकून बघा, आणि वाळक्या गवतावर गाडी लावून तो चालवू नका. इथे वणवे अशाच ठिणगीने लागतात.

साताऱ्याच्या मामेभावासाठी

माझ्या मामेभावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि त्याच्याकडे तीन सुटे पेट्रोल जनरेटर आहेत. त्याचीही तक्रार हीच: आषाढात काम थांबलं की जनरेटर गोदामात, आणि तुळशीचं लग्न होऊन पहिली तारीख आली की तीनपैकी दोन लोड घेत नाहीत. तिकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, वर पावसाळ्याची ओल. त्यामुळे त्याच्या बाबतीत पाण्याची भीती माझ्यापेक्षा खरी आहे. सुट्या जनरेटरचं काम मात्र सोपं असतं. शेवटच्या लग्नाहून आल्यावर टाकीतलं पेट्रोल काढून गाडीत वापरून टाकायचं. पेट्रोलचा कॉक बंद करून जनरेटर चालवायचा, तो भुकभुक करत आपोआप बंद पडेपर्यंत. मग वाटीखालचा छोटा स्क्रू सोडून उरलेले थेंबही कापडावर घ्यायचे, स्क्रू परत घट्ट करायचा. कार्तिकात ताजं पेट्रोल. मागच्या वर्षी त्याने तिन्ही असेच ठेवले आणि तिन्ही लोडवर उभे राहिले.

माझ्या गाडीत जनरेटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक वही अडकवलेली आहे. तारीख, तासांच्या मीटरचा आकडा, टाकीचा काटा, उंची, पेट्रोल कधी आणि कुठे भरलं. मेकॅनिककडे जायची वेळ आलीच तर मी आता तक्रार तोंडी सांगत नाही, वही उघडून देतो. शेवटची नोंद मागच्या महिन्यातली: लोन रॉक, दुपारी ३, १०२ फॅरनहाइट, एसी चालू, चार तास. आई-बाबा आत झोपले होते.